अर्धा पेढा

नाना पेढा कधी अख्खा खात नसत. कुणी पुडा पुढं केला की एक उचलायचे, बोटांनी मोडायचे, अर्धा स्वतः खायचे आणि उरलेला देणाऱ्याच्याच तोंडात घालायचे. "खुशी तुझी हाय ना गड्या, मग तू आधी खा." वाळूजच्या त्या दहा खोल्यांच्या लायनीत कुणाची नोकरी पक्की झाली, कुणाचं लग्न ठरलं, तर पहिला पेढा नानांना, लायनीतल्या सगळ्यात जुन्या भाडेकरूला. तसा नियम नव्हता, पण दुसऱ्या कुणाला आधी द्यावा असं कुणाच्या मनातही येत नसे.

मी किनवटकडचा. नववीत शाळा सोडून इथं कंपनीत कामाला आलो, तेव्हा एकट्या पोराला कुणी खोली देत नव्हतं. नानांनी मालकाला फोन लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं, "माझ्या भावकीतला हाय." ते वैजापूरचे, माझं गाव त्यांनी नकाशातही पाहिलं नसेल. पुढं मला कावीळ झाली तेव्हा याच माणसानं मला सरकारी दवाखान्यात नेलं आणि परत आल्यावर मऊ भात करून घातला. मला बापाची आठवण यायची ती नानांकडं बघून.

भाडं वाढलं की त्यांचं खरं रूप दिसे. मालक शहरात राहायचा. त्याचा निरोप आला की पोरं हबकायची. मी तर रात्रभर जागा. नाना धुतलेला सदरा घालून निघायचे. "भेता कशाला? मी हाय ना." संध्याकाळी परत येऊन ओट्यावर बसायचे, आधी पाणी मागायचे आणि मग सांगायचे, "लई भांडलो. थोडं कमी करून आणलं." वाढ व्हायचीच, पण थोडी कमी. आम्ही त्यांच्या पाया पडायचो.

माझं लग्न झालं तरी बायको गावाकडंच होती. दोघांना पुरेल अशी खोली म्हणजे माझा निम्मा पगार. अखेर कंपनीत पर्मनंट झालो आणि लायनीतली कोपऱ्यातली मोठी खोली तिच्या चालू भाड्यातच घ्यायचं ठरवलं. पेढे घेऊन नानांकडं गेलो. "आता सुनबाईला आण," ते म्हणाले आणि अर्धा पेढा माझ्या तोंडात घातला. त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं.

पुढच्याच आठवड्यात त्या खोलीचं भाडं वाढल्याचा निरोप आला. नाना गावाला गेलेले, म्हणून भीत भीत मीच मालकाकडं गेलो.

"साहेब, एवढं नाय झेपणार. बायकोला आणायचंय."

"अरे, पर्मनंट झालास ना? नाना सांगत होते, पेढे चांगले होते." मालक हसला. "तुम्हा पोरांचं कुणाचं काय चाललंय, मला इथं बसून कसं कळणार? ते कळवतात. थोडं चढवून सांगा, मी येऊन कमी करून नेतो, ही युक्तीही त्यांचीच. म्हणून तर त्यांच्या खोलीचं भाडं मी घेत नाही."

मी पायऱ्या उतरलो ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की त्या वर्षीही बायको आली नाही.

मी लायन सोडली. नानांना जाब विचारायला निघायचो. कावीळ आठवली की अर्ध्यातून परत फिरायचो. टेम्पोत सामान चढवायला तेच आले. माझा पलंग दोरीनं असा घट्ट बांधला, की पुढं ती गाठ मला कापावी लागली.

"तिथं कितीला भेटली खोली?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरायचंय, नाना," मी म्हणालो. भाडं ठरलं होतं, दिलंही होतं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दोरी ओढून बघत राहिले. "व्हय," एवढंच म्हणाले.

पुढं दोन वर्षांनी बायको आली. यंदा ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि मुलगी झाल्याचा फोन आला. मी पेढे आणले. खाली या नव्या खोलीचे घरमालक दारातच बसले होते. "काय आणलं?" म्हणाले. "कांदे," मी म्हणालो आणि वर येऊन दार लावलं. पुडा उघडला, सवयीनं एक पेढा मोडला. अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा किती तरी वेळ तसाच हातात धरून बसलो होतो.