आधी ओरडायचं, मग डोळे उघडायचे

कर्र... कर्र... कर्र...

कोवळी ज्वारी जनावराच्या दातांखाली आली की असा आवाज होतो. लहानपणी मी शेतातल्या माळ्यावर बापाशेजारी निजायचो, आणि पहाटे पहाटे हा आवाज कानात शिरायचा. खाली रानडुकरं, नाहीतर नीलगायी. बापाची शिकवण एकच होती.

"हा आवाज आला की इचार करू नको. आधी ओरडायचं, मग डोळे उघडायचे. डोळे चोळत बसला त तेवढ्यात एक ओळ साफ!"

मग बाप पत्र्याचा डबा बडवायचा आणि मी ओरडायचो, "होऽऽऽ हाऽऽड!" एरवी मी मुका म्हटला तरी चालेल. चौथीपर्यंत शाळेत होतो, तिथंही गुरुजींना माझा आवाज कधी ऐकू आला नाही. पण ही आरोळी असोद्याच्या अख्ख्या शिवाराला ओळखीची होती.

हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढं मी जी माती खाल्ली, ती ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारा पार कामातून गेला. चहा घ्या तुम्ही, निवतोय. मी हळूहळू सांगतो, मला घाई जमत नाही.

तर आमची ही. कमल. हिचं माहेर सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. लहानपणी बापासोबत रानात गेली असताना नाल्यावर हिला सांबर दिसलं. मादी होती, सोबत पिल्लू. पाणी पिता पिता मादीनं मान वर केली आणि हिच्याकडं पाहिलं. बस्, एवढीच गोष्ट. पण लग्न होऊन आली तशी ती गोष्ट सोबत घेऊन आली. भाकरी थापताना तीच, कापूस वेचताना तीच.

माझी आई एकदा वैतागून म्हणाली, "शिंगं कशी होती गं?"

"शिंगं नव्हती. माय होती ना ती."

"शिंगं नाही? मग गाढवीन असीन ती!"

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात त्या सांबराची गाढवीण झाली. दिवाळी असो, लग्नकार्य असो, कुणी ना कुणी विचारायचंच, "काय वहिनी, तुमची गाढवीन कशी हाये?" ही हसायची. पण रात्री मला म्हणायची, "अहो, सांबरच होतं. एक डाव तुमाले दाखवीन मी. लोकाइचं मले काही नाही. तुमी पाह्यलं पाहिजे."

आज जाऊ, उद्या जाऊ करता करता केस पिकले. केळीला पाणी, कापसाला फवारणी, पोरांच्या शाळा. रान तिकडं, आम्ही इकडं, मध्ये तापी.

गेल्या हिवाळ्यात हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तशी ही जळगावच्या आमच्या लेकीला म्हणाली, "रेखा, आता डोळे नवे झाले. आता तुह्या बापाले सांबर दाखवू दे."

रेखानं पुढच्याच रविवारी गाडी काढली. तापीचा पूल ओलांडला तशी ती म्हणाली, "आई, रानात पायवाटेनं जायचंय. मधेच पाणवठा आहे, लपून बसायला जागा केलीय. पण तिथं बोलायचं नाही हं!"

"मी काय बोलते?"

"आई, तू असोद्यापासून बोलतेयस."

"नानांकडनं शीक जरा," असंही रेखा म्हणाली. नाना म्हणजे मी. मला काय, बरं वाटलं! न बोलण्याबद्दल माणसाचं कौतुक कधी होतं?

रानाच्या गेटापाशीच आम्ही शिदोरी सोडून बसलो. घरच्या वांग्यांचं भरीत, पुऱ्या, कांद्याची पात. आत खायला बंदी होती ना. मी जरा जास्तच जेवलो. हे लक्षात ठेवा.

वाट दाखवायला दिलीप नावाचा पोरगेला गाइड होता. वाट मोठी छान होती हो. पायाखाली सागाची वाळलेली पानं, दोन्ही अंगाला अंजन आणि सालई. आणि कमल! गुडघे दुखतात म्हणणारी बाई पुढं चाललेली आणि मी काठी टेकत मागं. प्रत्येक झाडाशी थांबायची.

"हा अंजन. याचा पाला माहा बाप बैलांले घाले. ही टेंभुर्नी. अहो, लागली पाहा फळं!"

तिची चाल माहेरची झाली होती. नव्या नवरीला माहेरी न्यायला भाऊ मूळ घेऊन आला की ती कशी चालते, तशी. मी मागून पाहत होतो आणि मला वाटलं, एवढं एक रान दाखवायला मी किती उशीर केला!

"अक्का, हळू बोला," दिलीप म्हणाला.

"शूऽऽ!" मीही म्हणालो.

"आता हेही बोलाले शिकले," असं म्हणून तिनं तोंडाला पदर लावला.

पाणवठ्याशी बांबूची, वर पत्र्याचं छप्पर असलेली झोपडी होती. भिंतीला पाहायला फटी. आत एक पाहुणा आधीच बसलेला. त्याच्या कॅमेऱ्याला केळीच्या बागेत पाण्यासाठी टाकतात तेवढ्या जाडीची नळी! सकाळपासून बसला होता बिचारा. आम्हाला पाहून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. कमलकडं पाहून जास्तच.

दिलीपनं त्याला हळूच समजावलं, "काळजी करू नका साहेब. हे आबा एकदम शांत माणूस आहेत. अशीच माणसं जंगलात आली पाहिजेत."

मी मान डोलावली. केवढा मोठा माणूस मी!

बसलो. ऊन कललेलं, वाऱ्याची झुळूक, पोटात भरीत. कमल फटीला नवे डोळे लावून बसली, पदर तोंडात कोंबलेला. श्वाससुद्धा जपून घेत होती. मी काठीवर हनुवटी टेकली. म्हटलं, जरा डोळ्यांना विसावा देऊ. जनावर आलं की ही सांगेलच.

आणि मग आवाज आला.

कर्र... कर्र... कर्र...

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? ते शरीर माझं होतं का? ते माझ्या बापाचं होतं! मी उभा राहिलो, काठी उचलली, डोक्यावरच्या पत्र्यावर धाडधाड हाणली, आणि मिटल्या डोळ्यांनी बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली,

"होऽऽऽ हाऽऽड! हाऽऽड!"

मग डोळे उघडले.

पाण्यावर नुसत्या लाटा. काठावरचं हिरवं गवत अर्धवट खाल्लेलं. झाडावरची वानरं बोंबलत सुटलेली. पाहुण्याच्या हातातून ती नळी खाली पडलेली, आणि तो माझ्याकडं असा पाहत होता, जणू मी आता त्यालाही हाकलणार.

"काका!" तो कसाबसा म्हणाला. "काका, ही ज्वारी आहे का?"

"नाना, अहो काय केलंत!" रेखा.

दिलीप वर पत्र्याला आलेल्या पोच्याकडं बघत राहिला.

मी कमलकडं पाहिलं. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण तिचा चेहरा! असा चेहरा मी मांडवात पाहिला होता, त्यानंतर आत्ता. तिनं माझा दंड धरला.

"अहो, आली होती! अश्शीच! तेव्हाची! संगं पिल्लूबी. गवत खाता खाता मान वर केली तिनं. इतकी जवळ! तुमी पाह्यलं ना? पाह्यलं ना तुमी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

खरं सांगायचं तर मला शेपूटसुद्धा दिसलं नव्हतं. पण त्या डोळ्यांना 'नाही' कसं म्हणू हो? सगळा जन्म वाट पाहिली होती तिनं, एवढं एक मला दाखवायला. मी म्हटलं, "हो."

इथंच थांबायला हवं होतं. जन्मभर थांबलोच होतो की! पण त्या दिवशी माझ्या जिभेला कुठून पाय फुटले कोण जाणे.

"पाह्यलं त!" मी म्हणालो. "केवढी मोठी शिंगं होती तिची!"

रेखानं कपाळावर हात मारला.

माझी आई म्हणायची ते अगदीच खोटं नव्हतं. पाणवठ्यावर गाढव होतं. झोपडीत बसलेलं, हातात काठी घेऊन.

कमलनं माझा दंड सोडला. लुगड्याला चिकटलेलं सागाचं पान काढलं, पदर नीट केला. असोद्यापासून एक क्षण गप्प न बसलेली ती बाई माझ्याकडं नुसती बघत राहिली. मग वळली, आणि एक शब्दही न बोलता पायवाटेनं चालायला लागली.