ढिगातली पिवळी वायर

केतकीच्या बुटाजवळून एक पिवळी वायर दगडात शिरलेली मला दिसली, तेव्हा तिनं हातोडी उचललेली होती.

मी ब्लास्टर आहे. विहिरीचा खडक सुरुंगानं फोडायचं माझ्याकडं लायसन आहे. आमच्या आणे पठारावर नवी विहीर खोदली, की लहानपणी मी दगडांच्या ढिगात गारगोट्या शोधायचो. पोकळ दगड फोडला की आत काचेसारखे पांढरे, कधी हिरवट खडे निघायचे. हा नाद मुलांना दाखवावा म्हणून रविवारी दोघांना घेऊन आलो होतो. केतकी अकरावीत, मिहिर आठवीत. विहीर दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरची, त्या दिवशी काम बंद. मिहिर बांधावर मोबाइल घेऊन बसला. हे खडे ऑनलाइन मिळतात, असं केतकीनं मला सांगितलं आणि कानात इअरफोन घालून ती ढिगावर चढून बसली.

सुरुंगाच्या प्रत्येक भोकात, म्हणजे बारात, दारू असते आणि ती पेटवणारा डेटोनेटर. त्याच्या दोन वायरी बाहेर राहतात. उडालेल्या बाराच्या वायरींचे तुकडे कुठल्याही ढिगात सापडतात, त्यांना कोणी भीत नाही. ही वायर मात्र अख्खी होती. तिच्या दोन्ही पदरांची टोकं कारखान्यातून येतात तशीच एकमेकांना पिळलेली होती. म्हणजे ती जोडायचीच राहिली होती. बार भरलेला होता, उडालेला नव्हता. असल्या दगडावर एक ठोका पुरतो.

मी हाक मारली. तिला ऐकू गेली नाही. मिहिर म्हणाला, "थांबा, ताईला फोन लावतो."

"फोन लावू नकोस. खाली ठेव आणि बांधामागं जा."

विजेच्या डेटोनेटरजवळ आम्ही मोबाइल नेत नाही, त्याच्या लहरींनी तो पेटू शकतो. तिच्या खिशात मात्र एक होताच.

मागून चढलो असतो तर दगड घसरले असते. मी ढिगाला वळसा घालून तिच्या समोर निघालो. मध्येच ठोक्याचा आवाज आला. मी जागेवर थिजलो. तिनं शेजारचा दगड फोडला होता. समोर जाऊन दोन्ही हात वर केले, तेव्हा तिनं एक इअरफोन काढला.

"काय झालं?"

"हातोडी मांडीवर ठेव. पाय हलवू नकोस. तुझ्याजवळ न उडालेला बार आहे."

तिनं हातोडी अलगद मांडीवर ठेवली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

वायरीचा वेढा तिच्या बुटाच्या नाडीत अडकला होता. नाडी सुटेना. शेवटी वायरीला धक्का न लावता बूट सैल केला आणि तिला पाय बाहेर काढायला लावलं. बूट तिथंच सोडला. माझा खांदा धरून ती एका अनवाणी पायानं खाली आली. तळव्याला रक्त आलं होतं, ते तिला गाडीत बसल्यावर कळलं.

रस्त्यावर येऊन कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, वायरी समद्याच ढिगात असत्यात. उद्या सकाळी जेसीबी लावायचाय."

"टोकं पिळलेली हायेत. जेसीबी लावलास तर ड्रायव्हर न्हाई राहायचा."

तो स्वतःच आला. मुलांना गावात पाठवून आम्ही माणसं लांब काढली, त्या दगडाशेजारी छोटा बार लावला आणि उडवला. आवाज छोट्या बाराचा नव्हता, आतला जुनाही उडाला होता. दगड थेट बांधापर्यंत आले.

घरी जाताना आळेफाट्याजवळ केतकीनं विचारलं, "पप्पा, तुम्ही रोज असल्या गोष्टीच्या इतक्या जवळ जाता?"

मी हो म्हणालो. तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. त्यानंतर ती माझ्याबरोबर ढिगावर आलेली नाही, आणि मीही बोलावलेलं नाही.

दुसऱ्यानं फोडलेल्या ढिगाला तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी माझ्या मजुरांना पहिल्याच दिवशी सांगतो. रविवारची सूट या नियमाला नाही.