गवतबाईंची मुलाखत

गवतबाई रोज संध्याकाळी भांडी घासताना स्वतःची मुलाखत घेत. प्रश्न त्याच विचारत आणि उत्तरेही त्याच देत, दोन्ही इंग्रजीत, दोन वेगळ्या आवाजांत. विचारणारा आवाज जरा खालच्या पट्टीतला, कंटाळलेला असे. उत्तर देणारा घाईत असे. उत्तर लांबले की पहिला आवाज ते तोडून पुढच्या प्रश्नाकडे वळे. मग नळ बंद होई आणि मागची खोली शांत होई.

यवतमाळला आम्ही एकाच घरात भाड्याने राहत होतो. पुढची खोली माझी, मागची त्यांची आणि मधले घर मालकीणबाईंचे. त्यांना आम्ही दोघेही काकू म्हणत असू. बाई फोनवर कोणाशी तरी भांडतात, असा काकूंचा सुरुवातीचा समज होता. एकदा त्यांनी अंगणातून विचारलेच.

"कोनाशी बोलून राह्यली वं रोज?"

"कोनाशीच नाई, काकू. सराव करून राह्यली."

"कायचा सराव?"

"उद्या कोनी बोलावलं तं बोलता आलं पाह्यजे ना."

काकूंनी मला बाजूला घेतले आणि पोरीला पाहायला कोणीतरी येणार आहे, असा निष्कर्ष ऐकवला. पुढचे काही दिवस त्यांनी दारात रांगोळीही नीट काढली.

माझी आणि बाईंची ओळख रद्दीवरून झाली. मी एका दैनिकात बातमीदार होतो आणि माझ्या खोलीत जुन्या अंकांचा ढीग असे. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, पेपर द्या. शिळे चालतीन. पन रंगीत पुरवणी नको." त्यांना ते अंक वाचायचे नव्हते. रानातून आणलेले गवत मुळासकट वर्तमानपत्राच्या पानांत पसरायचे, लाकडी फळ्यांमध्ये दाबायचे आणि पाने रोज बदलायची, अशी ती पद्धत. साधा कागद ओल शोषून घेतो, पुरवणीचा गुळगुळीत कागद शोषत नाही आणि गवताला बुरशी येते. एकदा माझीच पहिल्या पानावरची बातमी त्यांच्या फळीत दिसली. तिच्यावर मारवेल गवताची काडी आडवी पडली होती. "वाईट नका मानू," त्या म्हणाल्या. "लोकायनं अर्धीच वाचली असन. ह्यानं पुरी शोषली."

त्या मूळच्या बोरी अरबजवळच्या एका बंजारा तांड्यातल्या. गवतबाई हे नाव मात्र झरी जामणीत मिळालेले. तिथल्या एका कोलाम पोडात, म्हणजे कोलाम आदिवासींच्या रानातल्या लहानशा वस्तीत, त्या पीएचडीसाठी वर्षानुवर्षे जात होत्या. घरे शाकारायला तिथे एक उंच गवत वापरत. आजूबाजूच्या कपाशीत तणनाशकाची फवारणी वाढली, तसे बांधावरचे ते गवत कमी झाले. पुढे ते किती उरेल आणि राखता कसे येईल, हा त्यांचा विषय. शेतकऱ्यांशी बोलताना त्या सरळ सांगत, "तुमचं तन म्हंजे त्यायचं छप्पर हाय." शेतकरी ऐकून घेत आणि फवारणीला जात.

हेच काम पुढे न्यायला त्यांना पीएचडीनंतरची फेलोशिप हवी होती. तोवर त्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत. सुट्ट्या लागल्या की ते काम थांबे आणि फेलोशिपचे अर्ज सुरू होत. एकीकडे आराखडा दोन पानांत मागत, दुसरीकडे वीस पानांत. शिफारस सगळीकडेच लागे. त्यांचे मार्गदर्शक निवृत्त होऊन मुलाकडे परराज्यात गेले होते. फोन लागला तर शिफारस मिळे. ज्या संस्थेत काम करायचे तिथल्या प्राध्यापकांची संमती आधी मिळवावी लागे, आणि ते प्राध्यापक अनोळखी ई-मेल उघडतील याची खात्री नसे. हे सगळे विचारता येईल असे यवतमाळात कोणी नव्हते. महाविद्यालयातले सहकारी सहानुभूतीने ऐकत आणि घड्याळ पाहत.

नकार नेहमी सभ्य भाषेत येई. अर्जांची संख्या फार मोठी असल्याने आपली निवड करता आली नाही, असे त्यात असे. बाई ते वाक्य मला मराठीत करून ऐकवत. एकदा ऐकवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, इतके लोक हायेत म्हंते. मोठी संख्या म्हंते. मंग एखादा तरी मले कधी भेटला काहून नाई?" एवढे बोलून त्यांनी खोली झाडून घेतली. नकार आला की त्या खोली झाडत. काकूंना त्यांच्या टापटिपीचे फार कौतुक होते.

त्यांची आई, त्या तिला याडी म्हणत, कधीमधी एसटीने येई. डब्यात ज्वारीच्या भाकरी असत. मायलेकी आपसात गोरबोली बोलत, माझ्यासमोर मात्र आई मुद्दाम मराठीत बोले, म्हणजे मलाही साक्षीला धरता येई. "इचारा भाऊ हिले. बीएस्सी झाली, एमेस्सी झाली, डाक्टर झाली. तांड्यात सारे इचारते, आता कायचं शिकून राह्यली? काय सांगू मी?"

"सांग, आता शिकत नाई, शोधून राह्यली."

"काय हारपलं तुयं?"

बाई हसल्या. आईही हसली. परत जाताना तिने मागच्या खोलीतल्या फळ्यांचे पट्टे स्वतःच्या हाताने आवळून दिले.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या शेवटी एका संस्थेने त्यांना फेलोशिपच्या मुलाखतीला बोलावले. मुलाखत व्हिडिओवर होणार होती. फेलोशिपला वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी बाई त्या अटीत बसणार नव्हत्या. बाकीच्या फेलोशिपांची दारे आधीच बंद झाली होती. थोडक्यात, ही शेवटची. त्या आठवड्यात भांडी घासण्याला फार वेळ लागू लागला. विचारणारा आवाज जास्त कडक झाला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्या झरी जामणीला गेल्या. पुढचे काम करायला पोडाची संमती आहे का, हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होते आणि पोडाच्या नाईकाला समोरासमोर विचारल्याशिवाय त्या तसे सांगणार नव्हत्या. नाईकाने संमती दिली. पुढे घडले ते बाईंनी मला नंतर सांगितले. मी तिथे नव्हतो.

नाईक म्हणाला, "बाई, आज सांजीले गाव बांधतो. जायचं असन तं आत्ताच निंघ. राह्यली तं सुटेस्तोवर राहा लागन."

पावसाळ्याआधी वर्षातून एकदा गावबांधणी होते. रोगराई आत येऊ नये म्हणून शिवेवर पूजा करून गाव बांधतात. बांधणी सुटेपर्यंत आतले कोणी बाहेर जात नाही, बाहेरचे आत येत नाही. त्या पोडात शिवेवर गवताचा वळलेला दोर टाकत, त्याच छपराच्या गवताचा. तो दोर कसा वळतात हे बघायची बाईंची फार दिवसांची इच्छा होती आणि आजवर त्यांना कोणी राहा म्हटले नव्हते. मागच्या वर्षी बांधणी सकाळीच सुटल्याचे त्यांनी ऐकले होते. मुलाखत दुपारी होती. त्या राहिल्या.

सकाळी बांधणी सुटायच्या बेतात असताना बाहेरचा एक मोकाट बैल दोर ओलांडून आत शिरला. नाईकाने बांधणी मोडली असे सांगितले आणि पूजा पहिल्यापासून मांडली. बांधणी सुटेपर्यंत जेवायचे नसते, त्यामुळे सगळे पोड उपाशी होते. कोणी कुरकुरले नाही.

पोडात फोनला रेंज नव्हती. ती शिवेपलीकडच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली मिळे. दोरापाशी उभे राहिले की ते झाड समोर दिसे. दुपार झाली तेव्हा बाई नाईकाकडे गेल्या आणि आपली अडचण सांगितली. तो चिडला नाही.

"जायचं तं जा, बाई. आमी तुले थोडीच बांधलं. तू गेली का मंग पुन्हा मांडतो."

"पुन्हा? पयल्यापासून?"

"मंग? अर्धं गाव कसं बांधतीन?"

बाईंनी मागे पाहिले. सावलीत म्हाताऱ्या बसल्या होत्या, लेकरे भुकेने पेंगत होती. त्या दोराच्या अलीकडे जमिनीवर बसल्या. फोन मांडीवर ठेवला. वेळ झाली तशी त्यांनी मुलाखत सुरू केली. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला आणि उत्तर दिले, मग दुसरा. पोडाच्या संमतीचा प्रश्न आला तेव्हा, आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पोडातल्या बाया जवळ येऊन बसल्या. इंग्रजी कोणाला कळत नव्हते, पण शेवटपर्यंत कोणी उठले नाही. "सारे प्रश्न घेतले, दादा," बाई मला म्हणाल्या. "या वेळी मधात कोनी तोडलं नाई."

बांधणी सुटल्यावर त्यांनी टेकाडावरून संस्थेला कळवले. उत्तर दोन दिवसांनी आले. आपली अडचण समजू शकतो, मात्र पुन्हा संधी देता येत नाही. बाईंनी खोली झाडली नाही. म्हणून काकूंना शंका आली आणि त्यांनी मला सांगितले.

मी बातमी करतो म्हणालो. धंद्याची सवय. बाईंनी हात वर केला. "नाई, दादा. मंग पोडाचं नाव येईन. लोक म्हंतीन, यायच्या अडानीपनानं शिकल्या पोरीचं वाटोळं केलं. त्यायनं तं मले जा म्हटलं होतं." बातमी झाली नाही. इथेही पोडाचे नाव दिलेले नाही.

दिवाळीच्या आधी त्यांना परराज्यातल्या एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. नमुन्यातले तणांचे बी वेचून वेगळे काढायचे काम. त्यासाठी तण ओळखणारे माणूस लागते, असे त्यांनी सांगितले. दाबलेल्या गवताचे गठ्ठे महाविद्यालयाने एका कपाटात ठेवून घेतले. लाकडी फळ्या आईने तांड्यात नेल्या. बसस्थानकावर मी आणि काकू होतो. काकूंनी शिदोरी दिली आणि विचारले, "आता तं लगन करशीन ना वं?" गाडी सुटताना बाईंनी खिडकीतून मला सांगितले, "पेपर ठेवजा, दादा. मी येईन तवा लागतीन."

त्या आल्या नाहीत. एकदा फोन आला. काम ठीक आहे, खोली स्वच्छ आहे, पाणी चोवीस तास आहे, असे त्यांनी क्रमाने सांगितले. सराव चालू आहे का, असे मी विचारले.

"चालू हाय. वयाची अट गेली, पन सवय नाई गेली." मग त्या म्हणाल्या, "इथं कोनी इचारत नाई, दादा, कोनाशी बोलून राह्यली म्हनून."

मागच्या खोलीत आता एक बँक कर्मचारी राहतो. त्याची भांडी कामवाली येऊन घासते. काकू महिन्याला रद्दी विकतात आणि माझ्या खोलीतला ढीग का देत नाही म्हणून बोलतात. परवा त्यांना डब्यांच्या फडताळात अंथरायला कागद हवा होता. माझ्याकडे दोन गठ्ठे आहेत, साधी पाने वेगळी आणि पुरवण्या वेगळ्या. मी त्यांना रंगीत पुरवण्यांचा दिला.