पाहुण्यांसाठी पेटवलेला प्लूम

"मॅडम, अस्मिताला सांगा, महिनाअखेरीस टेबल रिकामं कर. तिला जमत नाहीये." साहेब ठाण्याच्या ऑफिसातून फोनवर बोलत होते. फोन स्पीकरवर होता. शेजारी बसलेल्या अस्मितानं सगळं ऐकलं.

आमची लॅब शीळफाट्याजवळ, ती मी सांभाळते. सेन्सरसाठी लागणारे ऑक्साइडचे पातळ थर आम्ही तिथे वाढवतो. दोन-तीन धातूंचं ऑक्साइड भाजून केलेली चकती, म्हणजे टार्गेट, हवा काढून थोडा ऑक्सिजन सोडलेल्या चेंबरमध्ये ठेवायची. काचेच्या खिडकीतून तिच्यावर लेझरचे ठोके मारायचे. चकतीतून जांभळट झोत उसळतो, त्याला प्लूम म्हणतात. तो समोरच्या तापलेल्या तुकड्यावर बसत जातो आणि थर तयार होतो. लेझरचा जोर कमी पडला की धातूंचं प्रमाण बिघडतं आणि थर टाकाऊ होतो.

अस्मिताचे थर टाकाऊच येत होते. डोंबिवलीची पोरगी, कॉन्ट्रॅक्टवर, कामाला अगदी चोख. आम्ही टार्गेट बदललं, हीटर तपासला. लेझरचा जोर ती रोज मोजायची, तोही बरोबर. "मॅडम, माझंच काही चुकतंय का?" असं ती विचारायला लागली, तेव्हा मला साहेबांचा भयंकर राग आला.

शनिवारी लॅबला सुट्टी. तरी मी गेले. आत साहेब, सुटाबुटातले पाहुणे आणि प्लूम चालू.

"हे काय चाललंय?"

"दाखवतोय यांना. दर शनिवारी कोणी ना कोणी असतंच."

"ऑक्सिजन सोडला नाहीत?"

"नको हो, व्हॅक्यूममध्ये झोत मोठा दिसतो. त्यात हे लोक शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले, घाई आहे."

माझं डोकंच फिरलं. ऑक्सिजन असला की प्लूम आवरलेला राहतो. नसला की पसरतो आणि लेझरच्या खिडकीवरही जाऊन बसतो. ठरावीक रन झाले की आम्ही ती काच साफ करायचो. साहेबांचे शनिवारचे खेळ त्यात धरलेलेच नव्हते. पाहुणे आले की पोराला कविता म्हणायला लावतात, तसं यांनी मशीन वापरलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी काच काढली. तपकिरी झालेली. अस्मिता जोर मोजायची तो चेंबरच्या बाहेर, काचेच्या अलीकडे. मी ही काच लेझर आणि मीटरच्या मध्ये धरून मोजला. निम्माच.

साहेबांना मीटर दाखवला. ते म्हणाले, "मग काच बघणं तिचंच काम ना?"

"तुम्ही शनिवारी काय करता, हे तिला स्वप्नात दिसणार होतं का? तिची माफी मागा."

"कॉन्ट्रॅक्ट वाढवतो म्हणून सांगा. माफी कसली?"

सोमवारी काच साफ केली. अस्मितानं सेटिंग्ज तीच ठेवली, एक आकडाही बदलला नाही. थर झकास आला. साहेब कॉन्ट्रॅक्ट वाढवतायत, हे मी तिला सांगितलं.

"साहेब तोंडानं म्हणू देत की चूक माझी नव्हती. मग थांबते," ती म्हणाली.

साहेब म्हणाले नाहीत. महिना संपला, ती गेली.

लेझरची किल्ली आता माझ्या पर्समध्ये असते. मशीन महाग असलं की खापर माणसाच्या डोक्यावर फुटतं, एवढं शिकले. काच साफ करायला एक दुपार पुरली. अस्मिताच्या जागी माणूस अजून मिळालेलं नाही.