विलायती बुटांची मोजणी

आमच्या मावशीच्या यजमानांनी जन्मात विलायत पाहिली नाही; पण त्या काळी पारनेरात ज्याच्या ज्याच्या अंगात परदेशी कपडा आणि पायात परदेशी बूट नीट बसला, तो त्यांच्यामुळे बसला, हे मी शपथेवर सांगेन. जो बसला नाही तोही त्यांच्यामुळेच. आम्ही त्यांना काका म्हणत असू आणि गाव मोजणीसाहेब म्हणे. सगळी नोकरी त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढली. जिल्ह्यातले बांध मोजता मोजता निवृत्त झाले आणि मोजायला जमीन उरली नाही म्हणून माणसं मोजू लागले.

मी तेव्हा नुकताच पारनेरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि मावशीकडेच राहत होतो. बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. गावातली चार-दोन मंडळी इंग्लंडात, आफ्रिकेत, कुवेतला पोचली होती आणि तिथून पत्रात विचारत, 'काय पाठवू? नंबर कळवा.' इथेच घोडं अडायचं. आमच्याकडे चांभार पायाखाली कातडं ठेवून वहाण कापणार आणि शिंपी अंगाला फीत लावून सदरा बेतणार. नंबर नावाची भानगड कोणाला ठाऊक? त्यातून इंग्लंडचा आठ नंबर अमेरिकेत गेल्यावर म्हणे आठ राहत नाही. मग लोक पत्र घेऊन काकांच्या ओसरीवर येत. काका चष्मा पुसत म्हणत, "नंबर ही सांगोवांगीची गोष्ट झाली. मोजणी जागेवर होते. पाय घेऊन या."

पाय घेऊन माणूस एकटा आला तर काका त्याला परत पाठवत. मोजणीला लगतचे खातेदार हजर पाहिजेत, हा खात्याचा नियम. त्यामुळे पुरुषाचं माप घ्यायचं तर त्याची बायको, नाहीतर भाऊ, शिवाय एखादा तिऱ्हाईत पंच, एवढी मंडळी लागत. तिऱ्हाईत पंच बहुधा मीच. पायमोजा कोणाकडेच नसे, म्हणून जुन्या धोतराचा तुकडा पायाला गुंडाळून मग पाऊल कागदावर ठेवलं जाई. काका गुडघ्यावर बसून पेन्सिलीने हद्द आखत, अंगठ्याला आणि टाचेला खुणा घालत, आणि कोपऱ्यात बाण काढून उत्तर दिशा दाखवत. बुटाच्या दुकानदाराला उत्तर दिशा कशाला लागते, असं मी एकदा विचारलं. "उत्तर नसलेला नकाशा दप्तरी घेत नाहीत," एवढंच ते म्हणाले.

कपड्यांची तऱ्हा याहून अवघड. एका पैलवानाच्या मेहुण्याने मँचेस्टरहून स्वेटर पाठवायचं कबूल केलं होतं. पैलवानाने काकांसमोर येताच छाती भरून घेतली. काका फीत हातात घेऊन नुसते उभे राहिले. इकडचं तिकडचं बोलत राहिले, पावसाची चौकशी केली, म्हशीची केली. पैलवानाचा चेहरा तांबडालाल झाला, तरी काका हलेनात. शेवटी त्याने सुस्कारा सोडला, तशी काकांनी झटकन फीत लावली आणि म्हणाले, "हे खरं क्षेत्र. मघाचं अतिक्रमण होतं." स्वेटर आला तो पैलवानाच्या अंगात असा बसला, की उन्हाळा लागला तरी तो काढायला तयार नव्हता.

पण काकांची कीर्ती तालुक्याच्या बाहेर गेली ती एका फजितीने. शेजारच्या तांबोळीचाचांचा धाकटा भाऊ कुवेतला होता. चाचांना ईदेला बूट हवे होते. चाचांनी हवाई पत्र घरगुती मजकुराने काठोकाठ भरून आणलं. त्या पत्रात वेगळा कागद घालायची बंदी, आणि पाऊल मावेल एवढी जागा उरलेली नाही. काका थोडेच अडून राहणार! तालुक्याचा तालुका त्यांनी कागदावर उतरवला होता, तिथे चाचांच्या पावलाची काय कथा? उरलेल्या जागेत त्यांनी पाऊल निम्म्या प्रमाणात काढलं आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'प्रमाण एकास दोन.' कुवेतच्या भावाने ते पत्र तसंच दुकानात नेऊन चित्रावर बूट ठेवून पाहिले असावेत. ईदेच्या आदल्या दिवशी पार्सल फुटलं आणि आतून दोन वर्षांच्या पोराच्या पायात जातील एवढे चकचकीत काळे बूट निघाले.

चाचा ते बूट दोन बोटांत अडकवून ओसरीवर आले. "सायेब, ह्यात माझा अंगठा तेवढा जातोय, बाकीचा पाय कुटं ठिवू?" काकांनी बूट उलटेसुलटे करून पाहिले, पट्टी लावली, हिशेब केला आणि समाधानाने मान हलवली. "बिनचूक निम्मे आहेत. नकाशा बरोबर आहे, वाचणाऱ्याला प्रमाण कळलं नाही." चाचा एवढे हसले की त्यांना ओसरीवरच बसावं लागलं. मावशीने त्यांना चहा दिला, आणि ईदेचा शीरखुर्मा आमच्या घरी नेहमीपेक्षा मोठ्या भांड्यातून आला.

असा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या पायाचं माप मात्र समुद्रापार गेलेलं नव्हतं. मावशीचा एकुलता मुलगा वसंता इंग्लंडात होता. दोन वर्षांसाठी म्हणून गेला आणि मग तिकडेच कायमचं राहायचं ठरवल्याचं त्याने कळवलं. त्या दिवसापासून काकांनी त्याला एक ओळ लिहिली नाही की त्याचं नाव घेतलं नाही. त्याचं पत्र आलं की ते उठून आडावर जात आणि भरलेल्या बादल्या पुन्हा भरत. मी मावशीला पत्र वाचून दाखवी. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच असे: 'बाबांच्या पायाचं माप पाठव. इथली थंडीची पादत्राणं फार चांगली.' मावशीने विषय काढला की काका म्हणत, "मला वहाणा आहेत." त्या वहाणा टाके घालून घालून इतक्या पसरल्या होत्या, की त्यांच्यावरून माप घेण्यात अर्थ नव्हता. मावशी आत येऊन माझ्यापाशी रडे. "लेकरानं मागितलंय तरी काय? बापाचं पाऊल मागितलंय. तेवढं बी धाडायचं न्हाई व्हय? एकदा त्याचे बूट ह्यांच्या पायात गेले ना, तर त्याला वाटंल बापानं घरात घेतलं."

शेवटी एका दुपारी तिनेच कट रचला. काका जेवून ओसरीवर आडवे झाले होते, धोतरातून उजवा पाय बाहेर आलेला. मावशीने माझ्या हातात पुठ्ठा आणि पेन्सिल दिली आणि स्वतः पायाशी बसली. काकांची झोप अशी सावध, की अंगणात चिमण्या भांडल्या तरी त्यांना जाग यायची. आणि तळव्याला गुदगुल्या तर इतक्या, की पायाला तेल लावून घेतानासुद्धा ते ओरडत. मी तळव्याला पुठ्ठा टेकवला आणि रेघ ओढायला लागलो. करंगळीपासून बोटाबोटाच्या मधून अंगठ्यापर्यंत आलो, आतल्या बाकावरून टाचेला वळसा घातला. पाय तसूभर हलला नाही. मी चकित झालो. माझ्या हातून पेन्सिल दोनदा निसटली, तरी पाय आपला जिथल्या तिथे, ताठ, कोणीतरी धरून ठेवल्यासारखा. मी मावशीकडे पाहिलं. ती पायाकडे नाही, काकांच्या तोंडाकडे पाहत होती.

रेघ पुरी झाली. आम्ही उठायला लागलो, तेवढ्यात काकांनी डोळे न उघडता दुसरा पाय धोतरातून बाहेर काढला.

"डावाही घ्या," ते म्हणाले. "बैलाने तुडवल्यापासून तो बोटभर रुंद झालाय. त्याला ठाऊक नाही ते. तो गेल्यानंतरचं आहे."

मावशीने माझ्या हातून पेन्सिल घेतली. ती उभ्या आयुष्यात पेन्सिल धरलेली बाई नव्हती, आणि डोळ्यांतल्या पाण्याने तिला पुठ्ठाही धड दिसत नसावा. रेघ नागमोडी गेली, टाचेपाशी तर तुटलीच. मी ती नीट करायला पुढे झालो, तर काकांनी हाताने मला थांबवलं. कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करत ते म्हणाले, "असू दे. त्याला आईचा हात ओळखू येईल."