आक्कांची खिडकी

आमच्या आक्का रिकाम्या खोलीत स्वयंपाक करायच्या. रिकाम्या म्हणजे अगदी रिकाम्या. ओटा नाही, गॅस नाही, नुसता सिमेंटचा वास. नात्यात कोणाचंही नवं घर झालं की सुताराच्या आधी आक्कांना बोलावणं जायचं. त्या पदर खोचून उभ्या राहायच्या, हवेतच कांदा चिरायच्या, हवेतच फोडणी घालायच्या, मिठासाठी हात लांबवायच्या आणि हात जिथे जाईल तिथे भिंतीवर खडूने रेघ ओढायच्या. "मीठ इथं. इथून एक बोटभर पण सरकवायचं नाई."

हा प्रकार मी जवळून पाहिला तो आमच्याच नागपुरातल्या, सक्करदऱ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये, आणि तोही धरमपेठेतून मुद्दाम बोलावलेल्या डिझायनर मुलीच्या देखत. ती मला लॅपटॉपवर रंग दाखवत होती आणि तिच्या पाठीमागे माझी थोरली नणंद न दिसणारी पोळी लाटत होती. मुलीच्या तोंडाचा आ झालेला. पोळी उलटताना आक्कांनी चटका बसल्यासारखी बोटं झटकली आणि "स्स" केलं, तेव्हा मुलगी मला हळूच म्हणाली, "आंटी, त्यांना बरं आहे ना?" मला वाटलं, फरशी फाटावी आणि मी थेट खालच्या मजल्यावर जाऊन पडावं.

तेव्हाची मी पण काही कमी नव्हते हो. पन्नाशी उलटलेली, केस काळे केलेले, आणि मोबाइलवर परदेशातली किचनं बघून बघून बुद्धी पार गहाण पडलेली. मला हॉल आणि किचनच्या मधली भिंत नको होती, ती मी पाडून घेतली. मला छतापर्यंत कपाटं हवी होती. आणि एका भिंतीला काचेचं, आत दिवे लागणारं कपाट हवं होतं. त्यात मांडायला माझ्याकडे एक टी-सेट होता, ज्यातून आजवर कोणी घोटभर चहा प्यायला नव्हता.

किचनला खिडक्या दोन. पूर्वेला मोठी, बाजूच्या भिंतीत एक बेताची. माझ्या नकाशात मोठी अर्धी झाकली जात होती आणि धाकटी पूर्ण गडप होत होती. आक्कांना काचबिंदू होता. त्यांचे यजमान गेल्यावर त्या रामटेकचं घर बंद करून कायमच्या आमच्याकडे यायच्या होत्या. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. संध्याकाळी त्या भिंत धरून चालायच्या, पण सकाळच्या उन्हात, खिडकीशी बसून, तांदळातला खडा अजून अचूक उचलायच्या. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "मले उजेड दे वं. बाकी तुह्या घरात काय करायचं ते कर. उजेड असंन तर मी कामाची. नाई तर पाहुणी. अन् भावाच्या घरी पाहुणी बनून मले राहायचं नाई."

आणि मी? मी म्हणाले, "आक्का, पण मग कपबशा कुठे मांडू?"

"अवं बाप्पा! कपबशांसाठी जिवंत खिडकी बुजवून राहिली तू? काहून? त्याईले काय गुदमरते?"

आमचे हे दोघींच्या मध्ये टेप धरून उभे. बायको आणि बहीण भांडत असल्या की ह्यांना एकदम मापं घ्यायची हौस येते. शेवटी तह झाला. मोठ्या खिडकीला कोणी हात लावायचा नाही, तिच्या खाली आक्कांचा ओटा, आणि कपाटं अशी दूर की झडपा पार भिंतीला टेकतील. धाकटी खिडकी मात्र माझ्या टी-सेटच्या वाट्याला आली. तिच्यावर प्लाय ठोकताना आक्का खोलीबाहेर निघून गेल्या.

हे सगळं ठरलं जानेवारीत. नागपुरात जानेवारीत घराचं काही ठरवू नये, हे जन्म नागपुरात काढलेल्या बाईला कळू नये? आम्ही सगळे स्वेटर घालून उभे होतो. डिझायनर, सुतार, हे, मी आणि खुद्द आक्का. एकाच्याही डोक्यात कूलर आला नाही!

राहायला गेल्यावर उरलेली थंडी मात्र आक्कांची होती. सकाळी झडपा उघडायच्या आणि तिथेच ठाण मांडायचं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायची तीही त्यांनीच. मी निवडलेली जुडी खिडकीशी धरून त्या म्हणायच्या, "चांगले डोळे असून हे असं? दे माह्याजवळ."

एप्रिल लागला आणि एका दुपारी हे कूलरला लावायच्या वाळ्याच्या नव्या ताट्या घेऊन आले. एसीच्या हवेने ह्यांचे सांधे धरतात, म्हणून आमच्याकडे कूलरच. "कूलर कुठे लावायचा?" असं विचारत हे ताट्या घेऊन हॉलभर फिरले. हॉलला खिडकी नाही, नुसता गॅलरीचा दरवाजा, तो अडवता येत नव्हता. धाकटी खिडकी प्लायच्या मागे. राहिली कोण?

आक्का भांडतील म्हणून मी कंबर कसून बसले होते. त्या ह्यांना एवढंच म्हणाल्या, "लाव गा बाळू. माह्या डोळ्यापायी सगळ्याईले भाजून काढतं काय?" आक्कांनी माघार घेतलेली मी कधी पाहिलीच नव्हती. कूलर चढला, फटी थर्माकोलने बुजवल्या, आणि भर दुपारी ओट्यावर दिवा लावावा लागला.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. आक्का हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, अंगावर इस्त्रीचं पातळ. मला म्हणाल्या, "चहा झाला काय?"

इतक्या वर्षांत आक्कांनी माझ्याकडे चहा मागितला नव्हता. त्या आम्हाला द्यायच्या, वर साखर कमी का म्हणता म्हणून रागवायच्या. आणि वाक्यात कुठे साधं "वं"सुद्धा नाही! मी गॅसवर चहा ठेवला. चहा उतू गेला. तसाच उतू जाऊ दिला आणि सुताराला फोन लावला.

तो आला, काचेच्या कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाभी, अभी तो बनाया है!" मी म्हटलं, "तोडो." ह्यांना वाटलं, ऊन डोक्यात गेलं. दिवे निघाले, काचा निघाल्या, प्लाय निघाला, टी-सेट पलंगाखाली गेला. धाकटी खिडकी मोकळी झाली आणि कूलर तिच्यात बसला. भिंतीची पार रया गेली होती. ठोकाठोक चालू असतानाच आक्का खुर्चीतून ओरडल्या, "आवाज कायचा होऊन राहिला वं?"

ते "वं" ऐकून मी तिथेच फतकल मारून बसले.

पुढचे दोन उन्हाळे आक्का मोठ्या खिडकीशी होत्या. नजर आकसत गेली. आधी खडे माझ्याकडे आले, मग मोहरी-जिऱ्याचे डबे. कांदा मात्र त्यांनी सोडला नाही. एका सकाळी सगळं ऊन ओट्यावर पसरलेलं, त्यांच्या दोन्ही हातांवर पडलेलं, आणि त्या मला विचारतात, "आज आभाळ आलं काय वं?"

मी म्हणाले, "हो आक्का. खूपच आलंय."

त्यांनी दोन्ही तळवे उन्हात उलटसुलट केले.

"खोटी कुठली," त्या म्हणाल्या. "ऊन लागून राहिलं ना हाताले. सरक तिकडं, अन् कांदा दे."