पडद्यावरचा एक्क्याण्णव

गेल्या हिवाळ्यात आमच्या ह्यांना न्यूमोनिया झाला. सुरुवातीला साधा खोकलाच वाटला. हे शाळेत गणित शिकवतात, खडूच्या धुळीनं घसा धरला असेल म्हणून हळद-दूध पिऊन शाळेतही जात राहिले. मग एका सकाळी मी खकनारला निघायच्या घाईत होते. तिथल्या तहसील कचेरीत माझी नोकरी आहे. पाहते तर हे पलंगाच्या कडेला बसून नुसता श्वास ओढत होते. मला म्हणाले, "आज रविवार ना? मग कुठं निघालीस?" वार बुधवार होता. ओठांचा रंग पाहून मी हातातला डबा ओट्यावर ठेवला आणि शेजारच्यांना गाडी काढायला सांगितली.

संध्याकाळपर्यंत हे आयसीयूत व्हेंटिलेटरवर होते. शाहपुरहून माझे दीर धावत आले. ते केळीची शेती बघतात. बागेतूनच निघाले होते, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग तसेच. काचेतून भावाकडे पाहिलं आणि बाहेरच्या बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. वयानं माझ्याहून लहान, मूळच्या अकोल्याच्या, निम्मं मराठी निम्मं हिंदी बोलायच्या. म्हणाल्या, "इलाज चालू आहे, तो चालूच राहील. पण एक गोष्ट विचारायची आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला ऑक्सिजन द्यावाच लागतो. कमी पडला तर नुकसान, आणि गरजेपेक्षा जास्त गेला तरी नुकसान होऊ शकतं. मग रक्तातली पातळी नेमकी कुठं ठेवायची? काही डॉक्टर थोडी वर ठेवतात, काही थोडी खाली. दोन्ही रीती आज चालतात. कोणती बरी, ते बघायला बऱ्याच रुग्णालयांत मिळून अभ्यास चालू आहे. कोणाला कोणती द्यायची ते कॉम्प्युटर ठरवतो, आम्ही नाही. सर बेहोश आहेत, म्हणून तुम्हाला विचारते. नाही म्हणालात तरी चालेल."

दीर उठलेच. "वहिनी, हे काय करून राहिले हे लोक? माझ्या भावावर प्रयोग?"

मी कागद मागितला. कचेरीत राहून सवय लागलेली, वाचल्याशिवाय सही नाही. आमच्या भागात चालतं तसं सगळं हिंदीत, साध्या भाषेत होतं. कधीही बाहेर पडता येईल, कारण द्यावं लागणार नाही, असंही होतं. मी सही केली. दीर माझ्याशी बोलेनासे झाले, पण जेवायच्या वेळेला माझ्यापुढे पोळीभाजीचं पुडकं ठेवून गेले.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. भेटायच्या वेळी आम्ही आत गेलो, तर पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा एक्क्याण्णव! करोनाच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावायचं ते यंत्र आलं होतं, आणि चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की पळा, हे आमच्या मनात पक्कं बसलं होतं. दीर मोठ्यानं म्हणाले, "बघा! यांनी खालची रीत लावली. आत्ताच्या आत्ता बाहेर काढा त्याला यातून."

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. "आम्हाला बाहेर पडायचं आहे."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, करूया. बसा आधी." मला पाणी दिलं. मग सांगितलं, "करोनात तुम्ही घरी होता, तिथं बघायला कोणी नव्हतं, म्हणून तो आकडा. इथं नर्स शेजारी उभी आहे. एक्क्याण्णव आम्हीच ठेवला आहे, तो घसरलेला नाही. सरांना लघवी नीट होते आहे, बीपी पडू नये म्हणून देतो ते औषध आज कमी केलं. तरी तुम्ही म्हणाल तर मी आत्ता वर नेते."

"तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं?" मी विचारलं.

"मॅडम, कोणतं बरं ते मला माहीत नाही. माहीत असतं तर तुम्हाला विचारलंच नसतं, सरळ तेच दिलं असतं."

का कोण जाणे, त्या उत्तरानं मला धीर आला. ह्यांच्या आजारात तोवर जो भेटेल तो काहीतरी ठामपणे सांगत होता. माहीत नाही म्हणणारं हे पहिलंच माणूस, आणि तेच ह्यांच्या उशाशी सगळ्यात जास्त वेळ उभं राहत होतं. मी म्हटलं, "राहू द्या मग. आहे तसंच चालू द्या."

बाहेर येऊन मी दिरांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही बायको आहात, तुमचा हक्क. पण मी इथून हलणार नाही." हललेही नाहीत. बागेला पाणी कोण देत होतं, देव जाणे.

मग हळूहळू ताप उतरला. एका सकाळी ह्यांच्या घशातली नळी निघाली. आम्हाला आत सोडलं तेव्हा हे उशीला टेकून बसले होते, डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. धाकट्या भावाला पाहून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तू इथं काय करतोस? बागेत कोण आहे?" दीर तिथंच उभे राहून हमसून रडले आणि रडता रडता ह्यांना रागावले, "खोकला होता तर सांगता येत नव्हतं?" मला रडू आलं नाही. मला भूक लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

अंगात थोडी ताकद आल्यावर डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, आता ह्यांनाच विचारायला. "सर, तुमच्या वतीनं मॅडमनी होकार दिला होता. आता तुम्ही शुद्धीत आहात. पुढं अभ्यासात राहायचं, तुमची माहिती त्यात ठेवायची की नाही, तुम्ही सांगा."

ह्यांनी सगळं दोनदा समजून घेतलं. मग मास्तरकी सुरू. "कॉम्प्युटर कसा निवडतो? नाणं उडवल्यासारखं?"

"साधारण तसंच."

"बरोबर आहे. एका माणसावर दोन्ही करून बघता येत नाही, म्हणून इतकी माणसं लागतात. लिहा माझं नाव."

दीर माझ्याकडे बघून म्हणाले, "हा बरा झाला, वहिनी. आता हा कोणाला बोलू देत नाही."

काही महिन्यांनी त्या अभ्यासासाठी रुग्णालयातून फोन आला. जिना चढता येतो का, अंघोळ स्वतः करता का, झोप लागते का, असं विचारत होते. हे ऐटीत सगळ्याला हो म्हणत होते. मी मागून ओरडले, "जिन्यात मधे बसतात, तेही लिहा!" पलीकडची मुलगी हसली आणि तिनं ते लिहून घेतलं.

वरची रीत बरी की खालची, याचा निकाल अजून आम्हाला कळलेला नाही. हे मधूनमधून चौकशी करतात. मी करत नाही. सकाळी हे शाळेत जातात, मी खकनारची बस पकडते, आणि बस सुटेपर्यंत ह्यांचा फोन येतो, गॅस बंद केलास का म्हणून.